मोबाइल ब्लाउजमध्ये ठेवणाऱ्या मैत्रिणींनो, दीड सेंटिमीटरचं एक वाक्य वाचा

ठाण्याहून वाशीला जाणारी सकाळची लोकल. लेडीज डब्यात धड उभं राहता येत नाही, कुर्त्याला खिसा नाही, पर्समधून मोबाइल कधी मारला जाईल नेम नाही. मग तो कुठे जातो हे आपल्याला कुणी सांगायला नको. मीसुद्धा कितीतरी वर्षं तिथेच ठेवत होते. गेल्या महिन्यात बंद केलं.

डायलपॅडवर *#०७# टाकून बघा. बहुतेक फोनवर ‘सार’ नावाचा आकडा येतो. फोनच्या लहरींमधली किती ऊर्जा शरीर शोषून घेतं, त्याचं ते माप. आपल्याकडे १ सप्टेंबर २०१२ पासून त्याची मर्यादा शरीराच्या किलोमागे १.६ वॉट आहे. त्याआधी २ होती. माझ्या फोनचा आकडा मर्यादेच्या आत निघाला, जीव भांड्यात पडला. मग खालची बारीक अक्षरं वाचली. शरीराजवळची चाचणी फोन १५ मिलिमीटर लांब धरून केली होती.

दीड सेंटिमीटर! ब्लाउजमध्ये हे अंतर येणार कुठून? आणि या लहरींचा जोर अंतरावरच ठरतो. फोन जरा लांब गेला की तो झपाट्याने उतरतो, कातडीला चिकटला की सगळ्यात जास्त.

घाबरवायचं नाहीये मला. या लहरी क्ष-किरणांसारख्या डीएनए तोडणाऱ्या नाहीत, त्यांचा सिद्ध झालेला परिणाम म्हणजे ऊती तापणं. २०११ मध्ये कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्यांना ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात टाकलं. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या २०२४ च्या मोठ्या आढाव्यात मोबाइल आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. मर्यादाही धोक्याच्या पातळीच्या बरीच खाली ठरवलेली असते. माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. आपण फोन जसा वापरतो, तसा तो मोजलाच जात नाही, आणि हे खोक्यावर मराठीत ठळक लिहिलेलंही नसतं. फ्रान्समध्ये फोन हातात किंवा खिशात असतो असं धरून, अगदी शरीराला टेकवूनही मोजतात. तिथे २०२३ मध्ये आयफोन १२ चा आकडा हातापायांसाठीच्या ४ च्या मर्यादेऐवजी ५.७४ भरला. विक्री थांबवली, कंपनीला सॉफ्टवेअर बदलावं लागलं. मोजलं म्हणून कळलं ना!

आमच्या वर्तकनगरच्या सोसायटीत गच्चीवरच्या टॉवरवरून दोन सभा भांडणात गेल्या. शेवटी टॉवर हटला. आता घरात एकच काडी रेंज येते, आणि रेंज कमी असली की फोन जास्त ताकदीने लहरी सोडतो, तोही कानाला लावलेला असताना. टॉवरला विरोध करणारे शेजारचे काका रात्री मोबाइल उशीखाली घेऊन झोपतात. त्यांना मी हे सगळं समजावलं, तेव्हा कुठे फोन टेबलावर गेला.

आमच्या अण्णांना पेसमेकर आहे. शर्टाचा खिसा नेमका डावीकडे, यंत्राच्या वरच. डॉक्टरांनी फोन १५ सेंटिमीटर तरी लांब ठेवायला आणि उजव्या कानाला लावायला सांगितलंय. तुमच्या घरात कुणाला पेसमेकर असेल तर आज त्यांचा खिसा बघा.

मी आता चेनची छोटी बॅग पुढे घेते, फोन तिच्या बाहेरच्या कप्प्यात. बोलायचं तर वायरचे इअरफोन. लिफ्टमध्ये, बेसमेंटमध्ये फोन घेतच नाही, बाहेर येऊन करते. परवा ऐरोलीला एक कॉलेजची मुलगी चढली, तिने फोन कुर्त्यात सरकवला. मी तिला *#०७# दाखवलं. तुर्भे येईपर्यंत आजूबाजूच्या पाच-सहाजणी आपापला आकडा बघत होत्या.