आईकडून आला म्हणून सगळं आईच्याच हाती? : एका प्रतिक्रियेला उत्तर

मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे तिच्यातले छोटे घटक; त्यांना स्वतःचा वेगळा डीएनए असतो. पेशीत त्या डीएनएच्या प्रती किती असाव्यात हे आई-बाप दोघांच्या जनुकांवर ठरतं, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्याखाली टोपणनावाने आलेली प्रतिक्रिया आधी इथे देते, म्हणजे मी काटछाट केली असं कुणी म्हणायला नको: "मॅडम, मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. त्याच्या प्रती किती असाव्यात हे बापाची जनुकंही ठरवतात, हा शोध व्हॉट्सअ‍ॅपवर लागला का? शिवाय रक्तात मोजलेली संख्या पेशींच्या मिश्रणानुसार बदलते, ते सोयीस्कर गाळलंत. लेखही कंटाळवाणा लांब."

लेख लांब झाला, मान्य. पहिले दोन परिच्छेद निम्म्यात बसले असते.

आता व्हॉट्सअ‍ॅपचं. साहेब, मी उभी हयात कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवण्यात घालवली. बारावीच्या उत्तरपत्रिकांमध्ये तुमचं हे वाक्य जसंच्या तसं इतक्यांदा वाचलंय की त्याला गुण देताना हात आपोआप चालायचा. वाक्य बरोबरच आहे. पण त्यावरून तुम्ही जो निष्कर्ष काढलात, त्याला मी एकही गुण दिला नसता. आणि समोरासमोर असतो तर हा सूर तुम्ही लावला असता का, हेही विचारावंसं वाटतं.

त्या डीएनएवर जनुकं आहेत अवघी ३७. त्यातली १३ प्रथिनांची, उरलेली प्रथिनं बनवायच्या कामात लागणाऱ्या आरएनएची: २२ टी-आरएनएची, २ आर-आरएनएची. स्वतःची प्रत काढणारं यंत्र त्यात कुठेच नाही. ते सगळं पेशीच्या केंद्रकातल्या जनुकांकडून येतं. प्रत काढणाऱ्या पॉलिमरेज गॅमा या प्रथिनाचं मुख्य जनुक, पीओएलजी, १५व्या गुणसूत्रावर. पीळ उलगडणारं ट्विंकल आणि डीएनए गुंडाळून जपणारं टीफॅम, या दोन्ही प्रथिनांची जनुकं १०व्यावर. लागणारा कच्चा माल पुरवण्यात टीके२ आणि डीजीयूओके या केंद्रकातल्या जनुकांचा हात. केंद्रकातल्या या गुणसूत्रांच्या जोडीतलं एक आईचं, एक बापाचं. म्हणजे वारसा आईचा असला तरी त्याची राखण दोघांच्या जनुकांकडे. मी "दोघांच्या" लिहिलं होतं, तुम्ही "बापाची" तेवढं वाचलंत.

एवढ्या एका वाक्यावर का अडून बसले, तेही सांगते. माझ्या मामेबहिणीचं बाळ यकृत निकामी होऊन गेलं. त्याच्या यकृतात हा डीएनए असायला हवा त्याच्या जेमतेम अंशाने उरला होता. सासरी कुणीतरी "मायटोकॉन्ड्रिया आईकडून येतात" एवढंच वाचून आलं आणि सगळा दोष तिच्या माथी मारून मोकळं झालं. जनुकीय तपासणीचा अहवाल नंतर आला. डीजीयूओके जनुकाच्या दोन्ही प्रतींत बिघाड होता. अहवालात एकाखाली एक दोन ओळी होत्या, पहिलीपुढे "आईकडून" आणि दुसरीपुढे "वडिलांकडून". ती फाईल प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिने कित्येक घरी नेली. लोक पहिली ओळ वाचून कागद परत द्यायचे. तुमची प्रतिक्रिया वाचताना मला तेच लोक आठवले. राग आला असेल तर आला, लपवत नाही.

पीओएलजीचं घ्या. त्यात बिघाड असलेल्या मुलाला फिट्स येतात म्हणून व्हॅल्प्रोएट हे फिट्सवरचं औषध दिलं, तर यकृत जीवघेणं कोलमडू शकतं. म्हणून अशी शंका असली की ते औषध टाळतात. केंद्रकातल्या जनुकांना या डीएनएशी काही देणंघेणं नसतं, तर या खबरदारीची गरजच काय?

राहिला रक्तपेशींचा मुद्दा. त्यात काही नवं नाही. लाल पेशीत हा डीएनए नसतो, प्लेटलेटमध्ये असतो, त्यामुळे मिश्रण बदललं की आकडा हलणारच. २०२३ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलेल्या अभ्यासात संशोधक वम्सी मूथा यांच्या गटाने २,७४,८३२ जणांच्या रक्तातले जिनोम, म्हणजे संपूर्ण डीएनए, तपासले. पेशींच्या मिश्रणाचा परिणाम वजा करूनही केंद्रकातल्या डीएनएवरच्या ९२ जागा मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएच्या प्रतींच्या संख्येशी जोडलेल्या निघाल्या. मग या संख्येच्या संदर्भात मागच्या लेखात आजारांबद्दल मी जे लिहिलं त्याचं काय, हे तुम्ही विचारणारच. तो माझ्या लेखाचा मुख्य विषय नव्हता, आणि त्यावर आत्ता वाद घालायची माझी इच्छा नाही.

तुमची प्रतिक्रिया मी उडवणार नाही. पुढच्या वेळी मात्र खऱ्या नावाने लिहा, आणि लेख शेवटपर्यंत वाचून लिहा, लांब असला तरी.