'क्लिनिकली प्रूव्हन' म्हणजे नक्की कोणाच्या चेहऱ्यावर?

"मॅडम, प्रत्येकाची स्किन वेगळी असते." सुरकुत्यांसाठी घेतलेल्या लेसर यंत्राच्या कंपनीच्या कस्टमर केअरच्या मुलीने हे वाक्य मला तीन फोनमध्ये पाच वेळा ऐकवलं. अगं, असते ना वेगळी! मग जाहिरातीत 'सर्व प्रकारच्या त्वचेसाठी' असं कशाला लिहिता? पैसे घेताना सगळ्यांची त्वचा एकसारखी, आणि डाग पडले की प्रत्येकीची वेगळी?

मी ४४ वर्षांची, रंग गव्हाळ. दुसऱ्या बाळंतपणानंतर गालांवर वांगाचे डाग आले होते, ते फिके व्हायला दोन वर्षं गेली. डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या दिसायला लागल्या म्हणून घरी वापरायचं लेसर यंत्र मागवलं. स्वस्त नव्हतं. घेतलं ते फक्त खोक्यावरच्या त्या दोन शब्दांसाठी, 'क्लिनिकली प्रूव्हन'. सहाव्या आठवड्यात दोन्ही गालांच्या हाडांवर तपकिरी चट्टे उमटले.

त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी बघितल्याबरोबर विचारलं, "वांग होऊन गेलंय तुम्हाला, मग हे घरी मारायला कोणी सांगितलं?" मग त्यांनी समजावून सांगितलं. या प्रकारच्या लेसरचा प्रकाश, साधारण १४४० नॅनोमीटर तरंगलांबीचा, त्वचेतलं पाणी शोषून घेतं. केसाएवढ्या बारीक जागा तापतात, त्या भरून येताना नवं कोलॅजन, म्हणजे त्वचा घट्ट ठेवणारं प्रथिन, तयार होतं. प्रकाश थेट रंगद्रव्यावर जात नाही, म्हणून सावळ्या त्वचेलाही चालेल असं सांगितलं जातं. पण उष्णता ती उष्णताच. आपल्याकडे साधी पुटकुळी फोडली तरी काळा डाग महिनोन्महिने राहतो, हे शाळेतल्या मुलीलाही माहीत आहे. भाजल्यावर, सुजल्यावर आपल्या त्वचेतल्या रंगपेशी चवताळतात. दवाखान्यात लेसर करताना म्हणूनच आधी छोट्या जागेवर करून बघतात, ऊर्जा कमी ठेवतात, गार करतात, उन्हाबद्दल दहा वेळा बजावतात. आणि घरी? घरी एक बटण.

मग मी ती माहितीपुस्तिका भिंग घेऊन वाचली. शेवटून दुसऱ्या पानावर फिट्झपॅट्रिकचा तक्ता होता, त्वचेचा रंग आणि उन्हाचा तिच्यावर होणारा परिणाम यांवरून त्वचेचे प्रकार पाडणारा. १९७५ साली ही वर्गवारी झाली तेव्हा ती गोऱ्या त्वचेसाठीच होती, एक ते चार. तपकिरी आणि काळ्या त्वचेचे पाच आणि सहा नंतर जोडले. आपण भारतीय बहुतेक चार-पाचमध्ये येतो. पुस्तिकेत बारीक अक्षरात काय होतं? चौथ्या प्रकारापुढे वापरू नये! हे खोक्यावर का नाही? ज्या पानावर 'आता खरेदी करा' आहे तिथे का नाही? माझ्यासारख्या गव्हाळ बाईने आपण चार की पाच हे ट्यूबलाइटखाली त्या तक्त्याशी हात लावून ठरवायचं?

आणि पुरावा म्हणून काय, तर 'इतके टक्के महिलांना त्वचा घट्ट वाटली'. किती महिलांपैकी, ते नाही. घट्ट *वाटली*! हजारो रुपये मोजून रोज रात्री आरशासमोर बसणाऱ्या बाईला काहीतरी वाटणारच. लेसरनंतर काही काळ चेहरा किंचित सुजतो आणि त्या सुजेने सुरकुत्या भरल्यासारख्या दिसतात. म्हणजे फोटो कधी काढला यावरच सगळा निकाल. आधीचा फोटो वरून पडणाऱ्या उजेडात, नंतरचा समोरच्या उजेडात, त्यात क्रीम लावून. याला चाचणी म्हणतात?

खरी चाचणी करणं इथे किती सोपं आहे! माणसाच्या चेहऱ्याला दोन बाजू असतात. एका गालावर खरं यंत्र, दुसऱ्यावर नुसता दिवा लागणारं, आणि फोटो अशा डॉक्टरांकडे द्या ज्यांना कोणता गाल कोणता हे ठाऊक नाही. सहा महिने थांबून परत बघा. आमच्या रंगाच्या, वांग होऊन गेलेल्या, दुपारच्या उन्हात स्कूटरवर फिरणाऱ्या बायका घ्या. बारा आठवड्यांवर थांबू नका.

'एफडीए क्लिअर्ड' या शब्दांचाही मला आता राग येतो. एफडीए म्हणजे औषधं आणि वैद्यकीय यंत्रांवर देखरेख ठेवणारी अमेरिकेतली सरकारी संस्था. क्लिअर्ड म्हणजे अप्रूव्हड नव्हे. अमेरिकेत ५१०(के) नावाचा मार्ग आहे, त्यात यंत्र आधी बाजारात असलेल्या यंत्राशी पुरेसं मिळतंजुळतं आहे एवढं दाखवायचं असतं. नव्याने माणसांवर चाचणी प्रत्येक वेळी लागतेच असं नाही. इथे मात्र ते शब्द असे छापतात, की वाचणाऱ्या बाईला वाटावं सरकारने तपासून, खात्री करून पाठवलंय.

पैसे परत मिळाले नाहीत. 'वापरलेलं उत्पादन' म्हणे. न वापरता डाग कसे पडले असते?

आज अकरावा आठवडा. रोज सकाळी सातला, तोंड धुऊन, काही न लावता, त्याच खिडकीशी उभी राहून मी दोन्ही गालांचे फोटो काढते. तारीख घालून ठेवते. ते सगळे तक्रारीला जोडणार आहे.