कोपर दाखवणारे आरसे

माझ्या मोटारसायकलीला दोन आरसे आहेत. डाव्या आरशात माझा डावा कोपर दिसतो, उजव्यात उजवा, आणि त्यांच्या कडेने जो बोटभर रस्ता उरतो तो इंजिनाच्या हादऱ्यांनी इतका थरथरत असतो की मागून येणारे वाहन ट्रक आहे, ट्रॅक्टर आहे की एसटी आहे, हे सांगता येत नाही. लाखाच्या घरात पैसे मोजून घेतलेल्या या गाडीत मोबाइल चार्ज करण्याची सोय आहे, आकडे दाखवणारा चकचकीत मीटर आहे, टाकीवर पंजा मारल्यासारखे पट्टे आहेत. मागे काय आहे एवढे मात्र ती सांगू शकत नाही.

मी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून काम करतो आणि रोज साठ-सत्तर किलोमीटर फिरतो. मागच्या सीटवर कृत्रिम रेतनासाठी लागणारे द्रवरूप नत्राचे भांडे बांधलेले असते, ज्यात गवळाऊ जातीच्या वळूच्या रेतमात्रा उणे 196 अंशांवर राखायच्या असतात. ते कलंडू द्यायचे नाही, आदळू द्यायचे नाही, म्हणून मी चाळीसच्या पुढे जात नाही. आणि जो चाळीसने चालतो त्याला मागचे दिसणे पुढचे दिसण्याइतकेच गरजेचे असते. ऐंशीने येणारा कापसाच्या गाठींचा ट्रक माझ्या मागे शंभर मीटरवर असेल, तर तो नऊ सेकंदांत माझ्यापाशी पोचतो. मान वळवून पाहावे, असे शहाणे लोक सांगतात. मी वळवतोही, पण चाळीसच्या वेगात एका सेकंदाला अकरा मीटर रस्ता न पाहता मागे पडतो, आणि आमच्याकडच्या अकरा मीटरांत एक खड्डा, दोन शेळ्या आणि पऱ्हाट्यांचे ओझे घेतलेली एक म्हातारी सहज मावते. त्यात हेल्मेटची कड बाजूचे झाकते, आणि हिवाळ्यात जाकिटाच्या जाड बाहीने आरशातला उरलासुरला रस्ताही जातो.

समृद्धी महामार्ग आमच्याच तालुक्यातून गेला आहे, त्यावर दुचाकीला बंदी आहे. ते योग्यच असेल, परंतु त्यामुळे आमच्या नशिबी जुनाच रस्ता आणि त्यावरच्या काळ्यापिवळ्या, ट्रॅव्हल्स आणि ट्रक कायम राहिले, याचा विचार आरसे बनवणाऱ्यांनी तरी करायला हवा होता. नाक्यावर हेल्मेट तपासले जाते, कारण मोटार वाहन कायद्याच्या 129 व्या कलमात ते स्पष्ट लिहिले आहे. मात्र आरसे दुमडून हँडलच्या आत वळवलेल्या, नाही तर साफ काढून टाकलेल्या गाड्यांवरून गावातली पोरे याच नाक्यावरून निघून जातात आणि त्यांना कोणी हटकत नाही. काढलेले आरसे घरी कपाटात असतात, कारण त्यांनी गाडीचा लूक जातो म्हणे.

मी स्वतः लांब दांडीचे आरसे मागायला दुकानात गेलो. दुकानदाराने माझ्याकडे पाहून विचारले, “डाक्टरसाहेब, मांगचं पाह्यून का करता? समोर पाहा ना!” दुकानात बसलेले चारही जण हसले. मीही हसलो, कारण उधारी होती. नंतर त्याने जे आरसे दिले त्यांच्या काचा इतक्या फुगीर निघाल्या की मागचा ट्रक काडेपेटीएवढा दिसे. फुगीर काच जास्त रुंद भाग दाखवते हे खरे, पण त्याबरोबर वस्तू लहान आणि दूर भासवते, आणि मागचा अजून लांब आहे असे समजून मी एकदा वळलो तेव्हा त्या काडेपेटीचा हॉर्न थेट माझ्या मानेमागे वाजला.

शेवटी उपाय मीच शोधला. दांडीखाली दोन इंचांचा वाढीव तुकडा लावला की आरसा बाहेर सरकतो आणि कोपर आडवा येत नाही. गाडीवर नेहमीसारखे बसून आरसा असा फिरवायचा की आतल्या कडेला स्वतःच्या बाहीची चिमटीभर पट्टी दिसावी आणि क्षितिज मधोमध यावे. हँडलच्या टोकांना वजनदार गोळे लावले की कापरेही बरेच कमी होते. हे गाडी विकणाऱ्याने ताब्यात देताना पाच मिनिटांत सांगता आले असते. त्याऐवजी त्याने हार घालून फोटो काढला आणि चाव्यांचा कीचेन दिला, जो तिसऱ्या दिवशी तुटला.

एवढे करूनही संपले नाही. उजव्या आरशाला माझ्या गाडीत उलटे आटे आहेत, म्हणजे तो उलट दिशेने फिरवून काढावा लागतो. हे मी मिस्त्रीला दोनदा सांगितले. त्याने चौदाचा पाना लावला, नेहमीच्या दिशेने जोर दिला, आणखी जोर दिला, आणि आटे गेले. “गाडीतच खराबी होती,” असे म्हणून त्याने मजुरीही घेतली.

आता डावा आरसा उत्तम काम करतो आणि मला रस्त्याच्या कडेची बाभळीची झाडे अगदी स्वच्छ दाखवतो. ओव्हरटेक करणारे सारे उजवीकडूनच येतात, आणि तो आरसा सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने बांधलेला असून पहिल्याच गचक्याला खाली मान घालतो. उद्या सकाळी सात वाजता एका वाडीवर गाय माजावर आल्याचा निरोप आला आहे. भांडे बांधून निघावे लागेल, आणि उजवीकडचे कानांनीच पाहावे लागेल.