ग्रेगोरियन चांट आणि 528 हर्ट्झ: पेटीवर वाजवून बघा

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा दावा असा: ग्रेगोरियन चांट (कॅथलिक चर्चमधलं जुनं एकसुरी लॅटिन गायन) मुळात 396, 417, 528, 639, 741 आणि 852 हर्ट्झ या सहा 'रोगनाशक' कंपनांवर गात, ती संत योहान बाप्तिस्ताच्या लॅटिन स्तोत्रात दडली आहेत आणि व्हॅटिकनने हे गायन बंद पाडलं.

आधी ते स्तोत्र. 'उत क्वेआंत लाक्सिस'च्या पहिल्या सहा ओळी एकेक स्वर चढत सुरू होतात. अकराव्या शतकात ग्विदो द'अरेत्सो या इटालियन साधूने त्यावरून उत, रे, मी, फा, सोल, ला ही नावं घेतली. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत संगीत शिकवणाऱ्या मेस्त्रींच्या सोल्फाचं, म्हणजे स्वरपाठाचं, मूळ तेच. चढण आपल्या शुद्ध सा रे ग म प ध अशीच. दाव्यातले सहा आकडे याच सहा स्वरांचे म्हणे, तर 396 ला सा धरा. 417 येतो कोमल रे. 528 हा शुद्ध ग हवा, तर तो निघतो चक्क मध्यम. 639 कोमल धैवताजवळ, 741 निषादाजवळ, आणि 852 तर तार षड्ज (792) ओलांडून वरच्या कोमल रिषभापाशी. सा, कोमल रे, म, कोमल ध, नी, तार कोमल रे: पेटीवर वाजवून बघा, या पट्ट्यांवर ते स्तोत्र निघतच नाही.

गळ्याचंही बघा. काळी एकमध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी) गाणाऱ्या पुरुषाचा सा सुमारे 139 हर्ट्झ. 528 म्हणजे ऑपेरातल्या टेनरच्या, म्हणजे उंच आवाजाच्या पुरुष गायकाच्या, हाय सी या गाजलेल्या उंच स्वराच्याही किंचित वर. मठातले सगळे साधू रोज पहाटे तिथून 852 वर चढत होते म्हणे!

शिवाय चार रेघांवरच्या चांटच्या लिपीत पक्की पट्टी, म्हणजे सूर किती हर्ट्झवर धरायचा ते, नसतेच. सुरुवातीची 'सी' किंवा 'एफ' स्वराची खूण अर्धस्वर कुठे आहे एवढंच सांगते. पट्टी मुख्य गायक धरतो, मंडळाचे गळे बघून. फार उंच धरली तर वरच्या स्वरांवर आवाज ताणतात, फार खाली धरली तर शेवटची अक्षरं ऐकूच येत नाहीत.

मग आकडे आले कुठून? विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत बायबलमधल्या गणना पुस्तकाच्या सातव्या अध्यायातल्या वचनांच्या क्रमांकांतल्या अंकांची बेरीज करून ते काढले. ते क्रमांक छापले जाऊ लागले सोळाव्या शतकात. ग्विदोच्या काळी नव्हतेच.

राहिली बंदी. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या 4 डिसेंबर 1963 च्या उपासनाविषयक दस्तऐवजाचं 116 वं कलम चांटला रोमन उपासनेत अग्रस्थान देतं. पुढचं कलम लहान चर्चसाठी सोप्या चालींचं पुस्तक काढायला सांगतं. ते 'ग्रादुआले सिम्प्लेक्स' 1967 मध्ये निघालंही.