मार खाल्ला तबल्यानं

महिनाभर तबल्यावर धिरधिरचा रेला घोटला, त्याचं फळ मनगटात आलं. धंतोलीतल्या डॉक्टरांनी अंगठा मुठीत दाबायला लावला, मूठ करंगळीकडे वाकवली आणि मी जी तान घेतली ती कुठल्याच घराण्यात बसत नाही. "डी क्वेर्व्हेन," ते म्हणाले. त्या नावाच्या स्विस सर्जननं १८९५ साली हे दुखणं लिहून ठेवलंय. अंगठ्याचे दोन टेंडन मनगटापाशी ज्या बोगद्यातून जातात, त्याचं अस्तर जाड होतं आणि ते आत घासतात. "बाळंतिणींना फार होतं. बाळ उचलून उचलून." हे दार उघडं ठेवून सांगायची काही गरज होती का?

बाहेर पट्ट्याची वाट पाहत बसलो, तर शेजारचे काका सरकले. गुडघ्याला क्रेप बँडेज. कळमन्यात संत्र्याच्या पेट्या उचलण्यात हयात गेलेली.

"काय झालं जी हाताले?"

"तबला वाजवतो."

"म्हणजे मार तबल्यानं खाल्ला, अन् दुखून राहिलं तुमचं?"

मी टेंडन, बोगदा, सगळं समजावलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पण डॉक्टर तर बाळंतिणीचं म्हणे ना?"

समोर बाळ घेऊन बसलेली मुलगी माझ्याकडे आपुलकीनं पाहायला लागली. तिच्याही अंगठ्याला पट्टा होता.

फलंदाजाचा अंगठा दुखला तर जामठ्याच्या मॅचआधी दोन दिवस त्याची बातमी चालते. मी आयोजकाला फोन केला तर तो म्हणतो, "डग्गा डाव्या हातानंच वाजवता ना? तेवढा वाजवून द्या. मानधन अर्धं." मागच्या वर्षीचं पूर्ण मानधन अजून यायचंय, ते सोडा.

"आमच्या भजनातला बुढा रातभर वाजवते," काका म्हणाले, "काही होत नाही त्याले." आणि पुरावा म्हणून दोन्ही हातांनी लोखंडी बाकावर केहरवा सुरू केला. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, दर वेळी अर्धी मात्रा आधी. एकदा सोडली. दुसऱ्यांदा दातओठ खाऊन सोडली. तिसऱ्यांदा माझा उजवा हात मला न विचारता बाकावर पडला.

कळ थेट कोपरापर्यंत.

काका थांबले. "मले वाटलंच होतं. लोखंड आहे ना ते. तबल्यावर नसतं दुखलं."