बीलचं बिल

सुटला एकदाचा ब्रॅडली बील, २०२५ च्या जुलैत, आपल्या फीनिक्स सन्समधून (एनबीए, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधला संघ). तो सुटला, आपण सन्सवाले नाही. तो लॉस एंजेलिसला क्लिपर्सच्या जर्सीत फोटो काढणार आणि सन्सच्या कॅपवर, म्हणजे खेळाडूंच्या पगारांवरच्या मर्यादेत, २०२९-३० पर्यंत दरवर्षी त्याच्या नावाचे १ कोटी ९४ लाख डॉलर बसून राहणार. गाडी शेजाऱ्याने नेली, हप्ते आपले.

आणि वर अभिनंदनाचे मेसेज! "सेकंड एप्रनमधून बाहेर, फर्स्टमधून बाहेर, टॅक्समधूनसुद्धा बाहेर!" (एकूण पगार एका रेषेवर गेले की लक्झरी टॅक्स, आणि त्याच्याही वर दोन एप्रन, म्हणजे आणखी कडक नियमांच्या रेषा.) हो, आलो बाहेर. कसे आलो तेही बघा जरा.

बीलचे दोन वर्षांचे ११ कोटी ८ लाख उरले होते. २०२५-२६ चे ५ कोटी ३७ लाख, २०२६-२७ चे ५ कोटी ७१ लाख. ३१ ऑगस्टच्या आत सोडून स्ट्रेच केलं, म्हणजे उरलेला पगार जास्त वर्षांवर पसरला, की उरलेली वर्षं दुप्पट अधिक एक, म्हणजे पाच. भागाकार करा, वर्षाला २ कोटी २२ लाख येतात. पण एवढे पसरताच येत नव्हते, कारण स्ट्रेच केलेल्या सगळ्यांची मिळून रक्कम कॅपच्या १५ टक्क्यांवर जाता कामा नये. २०२५-२६ ची कॅप १५ कोटी ४६ लाख, त्याचे १५ टक्के २ कोटी ३२ लाख. त्यात आधीच सोडलेल्या नसीर लिटलचे ३१ लाख आणि ई. जे. लिडेलचे ७ लाख आधीच ठाण मांडून बसलेले. उरतात किती? १ कोटी ९४ लाख. म्हणून बीलने १ कोटी ३९ लाख सोडले. "केवढं मोठं मन!" वगैरे जे चाललंय ते कृपया आवरा. तो आकडा मनातून नाही, या वजाबाकीतून आलाय. शिवाय क्लिपर्सकडून दोन वर्षांचे १ कोटी १० लाख मिळालेच की त्याला. घासाघीस करायची वेळ आली तेव्हा आपल्या हातात काहीच नव्हतं, कारण आधीच्या उन्हाळ्यात दोन किरकोळ करार स्ट्रेच करून आपणच आपली जागा खाऊन ठेवली होती.

खरी आग वेगळ्याच गोष्टीची आहे. हेच २०२६ च्या उन्हाळ्यात केलं असतं तर? एकच वर्ष उरलं असतं. ५ कोटी ७१ लाख भागिले तीन, वर्षाला १ कोटी ९० लाख. हप्ता जवळपास तोच, पण २०२८-२९ ला खातं बंद! आणि कोणाच्या विनवण्या नाहीत. फक्त २०२५-२६ चा पगार गिळावा लागला असता.

तो गिळवला नाही, कारण टॅक्स. सलग तीन वर्षं भरल्यामुळे आपण तेव्हा रिपीटर (वारंवार टॅक्स भरणारे, म्हणून दर चढे) झालो होतो, आणि दर २०२५-२६ पासूनच बदललेत. टॅक्सच्या रेषेवर पहिल्या ५७ लाखांच्या टप्प्याला डॉलरमागे ३, मग ३.२५, मग थेट ५.५०, मग ६.७५. रेषेच्या नुसते २ कोटी वर गेलात की टॅक्स ८ कोटी ६७ लाख. सेकंड एप्रनच्या वर तर दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून ट्रेड नाही, दिलं त्यापेक्षा एक डॉलर जास्त घेता येत नाही, मिड-लेव्हल (कॅपवर असूनही नवा खेळाडू घ्यायची ठराविक रक्कम) नाही, रोख पैसे पाठवणं नाही. कळतं सगळं. पण म्हणून मालकाचं एका वर्षाचं बिल संघाच्या पाच वर्षांवर टाकायचं? आपल्या डेव्हिन बुकरचा करारही २०२५ मध्येच वाढवला, तोही २०२९-३० पर्यंतच. म्हणजे बुकर इथे आहे तोवर प्रत्येक वर्षी बील सोबतीला. २०२५-२६ ची पूर्ण मिड-लेव्हल १ कोटी ४१ लाखांची. तिच्यापेक्षा मोठी रक्कम, आणि मैदानावर माणूस नाही.

बरं, नो-ट्रेड क्लॉज बीलला दिला वॉशिंग्टनने, २०२२ मध्ये. आपण २०२३ मध्ये तो क्लॉज डोळे उघडे ठेवून उचलला. वर ख्रिस पॉल, लँड्री शामेट, सहा सेकंड राउंड पिक (नवे खेळाडू निवडायचे हक्क) आणि चार स्वॅप (अशा हक्कांची अदलाबदल) दिले. त्याला कुठेही पाठवायचं तर आधी त्याचीच परवानगी! केव्हिन ड्युरँटसाठी चार फर्स्ट राउंड पिक गेले ते वेगळेच, आणि २०२५ मध्ये तोही ह्यूस्टनला. आपल्या डिआंड्रे एटनला इंडियानाची १३ कोटी ३० लाखांची ऑफर मॅच करून ठेवून घेतलं आणि पुढच्याच वर्षी देऊन टाकलं. तीन वर्षांत तीन कोच घरी. २०३२ चा फर्स्ट राउंड पिक गोठलेला, म्हणजे ट्रेडमध्ये देता येत नाही. २०२५-२६ पासूनच्या चारपैकी तीन वर्षं सेकंड एप्रनच्या खाली राहिलो तर सुटेल. हे सगळं कशासाठी, तर २०२४-२५ मध्ये ३६ विजय, ४६ पराभव आणि प्ले-इनसुद्धा (प्लेऑफआधीची पात्रता फेरी) नाही. सकाळी साडेसातला चहा गार करून हेच बघत होतो सगळे.

आणि "मालक श्रीमंत आहे, भरेल की" म्हणणाऱ्यांना तर हात जोडून नमस्कार. अहो, पैसे भरता येतात. गोठलेला पिक भरता येत नाही.

आता आपलीच गंमत बघा. अर्ध्या पृथ्वीपलीकडच्या आपल्या संघमालकाच्या, एका गृहकर्जवाल्या अब्जाधीशाच्या, टॅक्सचे टप्पे आपल्याला दोन दशांश स्थळांपर्यंत पाठ. आणि स्वतःला जुनी करप्रणाली परवडते की नवी, हे दर जुलैत सीएला विचारावं लागतं. तोही बिचारा दर वर्षी तेच सांगतो.

असो. शेवटचं एक. लिटलला २०२४ च्या ऑगस्टमध्ये स्ट्रेच केलं तेव्हा त्याची तीन वर्षं उरली होती. दुप्पट अधिक एक, सात. म्हणजे २०३० मध्ये बील फिटेल, बुकरचा करार संपेल, आणि त्यानंतरच्या हंगामातही कॅपवर नसीर लिटल असेल. ३१ लाख.