जहाजाचं घड्याळ

आमच्या कॅरिबियन क्रूझची सुरुवात मायामीच्या बंदरात किटली जप्त होण्यापासून झाली. विजेची किटली, दोन कप चहा होईल एवढीशी. मी ती टॉवेलात गुंडाळून बॅगेच्या मधोमध ठेवली होती. एक्स-रेच्या पडद्यावर मात्र ती टॉवेलला न जुमानता इतकी स्वच्छ दिसली की क्षणभर मलाच तिचं कौतुक वाटलं. किटली, इस्त्री, मेणबत्ती, म्हणजे आग लागू शकेल असं काहीही केबिनमध्ये चालत नाही. तपासणाऱ्या माणसानं किटलीच्या कानाला चिठ्ठी बांधली, मला पावती दिली आणि अकरा रात्रींनंतर परत घेऊन जा म्हणाला. नवरा तोवर दोन पावलं मागे सरकला होता, किटली माझी एकटीची आहे हे लांबूनही कळावं म्हणून.

"तरी मी सांगत होतो," तो म्हणाला.

सांगत वगैरे काही नव्हता. त्याचं सगळं लक्ष त्याच्या फायलीत होतं. अमेरिकेतून निघून अमेरिकेतच परतणारं जहाज, म्हणून मल्टिपल एंट्री व्हिसाची प्रत, विम्याची प्रत, त्या प्रतींच्या प्रती, आणि सगळ्यांत शेवटी प्रत्येक बेटाचा एक कागद. रोज एक बेट, सकाळी उतरायचं, संध्याकाळी परत. कोलंबस आमच्याकडे यायला निघाला आणि चुकून या बेटांवर पोचला. आम्ही मात्र भारतातून खास इथेच यायला निघालो होतो, तेही परतावा न मिळणारं बुकिंग करून.

या फायलीमागचं खरं कारण सांगायला हवं. आमचं लग्न एप्रिल १९९४ मध्ये झालं. त्याच महिन्यात वेस्ट इंडीजच्या ब्रायन लारानं अँटिग्वाच्या मैदानावर इंग्लंडविरुद्ध ३७५ धावा काढल्या. दोन्हींपैकी कुठली तारीख माझ्या नवऱ्याला न चुकता आठवते हे सांगायला नको. लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून मी कॅरिबियन सुचवलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे निळं पाणी, नारळाची झाडं आणि हातात काहीतरी छत्रीवालं पेय होतं. तो एवढ्या पटकन "चालेल" म्हणाला, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

पहिले दोन दिवस नुसता समुद्र. जहाजाच्या खाण्याबद्दल इतरांनी पुष्कळ लिहून ठेवलंय, त्यामुळे मी फक्त चहाबद्दल लिहीन. कोमट पाण्याचा कप मिळतो आणि दोऱ्याला बांधलेली पुडी मिळते. पुडी पाण्यात सोडायची, मग दोघांकडे आळीपाळीनं बघत बसायचं. मला खाली कुठेतरी कोठडीत पडलेली किटली आठवायची आणि भरून यायचं.

तिसऱ्या दिवशी रात्री जेवताना घोषणा झाली. उद्यापासूनच्या बेटांवरची घड्याळं आपल्यापेक्षा एक तास पुढे आहेत. तुम्ही मात्र जहाजाचीच वेळ पाळा. मग नवऱ्यानं टेबलावरच्या सहाही जणांना समजावून सांगितलं की ही बेटं वर्षभर घड्याळाला हात लावत नाहीत, मायामीवाले मात्र हिवाळ्यात काटे मागे घेतात. म्हणून जानेवारीत एक तासाचा फरक, उन्हाळ्यात सगळं सारखं. "आम्ही फोन मायामीपासून विमान मोडवर ठेवलाय," तो म्हणाला, "आणि हे बघा." असं म्हणून त्यानं मनगट पुढे केलं. माझ्या बाबांनी लग्नात दिलेलं घड्याळ. तीस वर्षांत एकदाही मागे पडलं नव्हतं. टेबलावरच्या मंडळींनी माना डोलावल्या. हा प्रसंग मी मुद्दाम सांगतेय.

पहिलं बेट सेंट थॉमस. १९१७ मध्ये अमेरिकेनं डेन्मार्ककडून शेजारच्या बेटांसकट अडीच कोटी डॉलरला विकत घेतलेलं. तिथे गाडीचं स्टिअरिंग अमेरिकेसारखं डावीकडे आणि गाडी चालवायची तीही डावीकडून. त्यामुळे घाटात प्रत्येक वळणावर चालक दरीच्या नाहीतर डोंगराच्या कुशीत आणि समोरून येणारा ट्रक थेट आमच्या अंगावर. टॅक्सी म्हणजे मागे बाकं टाकलेला उघडा ट्रक, भाडं माणशी. मॅगेन्स बेचं पाणी खरोखरच सुंदर होतं. तिथे पोचेपर्यंत मी डोळे मिटून घेतले होते, एवढंच.

पण सेंट थॉमसमधली खरी करमणूक संध्याकाळी होती. जहाज सुटायच्या वेळी लोक पेयं घेऊन वरच्या डेकच्या कठड्याशी गोळा होतात, सूर्यास्त बघायला नव्हे, तर उशीर झालेल्यांना धक्क्यावरून पळताना बघायला. त्या दिवशी एक जोडपं आलं. तिच्या दोन्ही हातांत पिशव्या, त्याच्या हातात तिच्या चपला. वरून शिट्ट्या, टाळ्या, "पळा, पळा". नवरा तर कठड्यावर थाप मारत होता. "वेळेचं भान नसलेले लोक," तो म्हणाला. मीही हसले, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी सेंट मार्टिन. जेमतेम नव्वद चौरस किलोमीटरचं बेट आणि त्यात दोन देश, एक भाग फ्रेंच, एक डच. १६४८ च्या तहात वाटणी झाली. तिथली दंतकथा अशी की एक फ्रेंच आणि एक डच माणूस पाठीला पाठ लावून किनाऱ्यानं चालत निघाले, जिथे भेटतील तिथून हद्द. फ्रेंचानं वाटेत वाइन घेतली, डचानं जिन. जिनवाला रेंगाळला, म्हणून फ्रेंचांचा वाटा मोठा. हे ऐकून आम्हीही उरलेल्या बेटांचा तह केला. सेंट लुसियातलं गरम गंधकाचं चिखलस्नान माझं, अँटिग्वातलं मैदान त्याचं. बार्बाडोस मी मागितलं, पण तिथल्या केन्सिंग्टन ओव्हलवर आपण २९ जून २०२४ ला विश्वचषक जिंकलाय, तेव्हा तो विषय निघू शकत नव्हता. दारू न पिता माझा वाटा लहान झाला.

त्याच दुपारी माहो बीचवर घात झाला. विमानतळाची धावपट्टी किनाऱ्याला इतकी लागून आहे की उतरणारं विमान पोहणाऱ्यांच्या डोक्यावरून जातं. नवरा गुडघाभर पाण्यात उभा राहून मला व्हिडिओ काढायला सांगत होता. विमान आलं. त्या आवाजानं त्याला काय झालं कोण जाणे, तो सरळ लाटेत पालथा पडला. बाहेर आला तेव्हा बाबांचं घड्याळ दोन वाजून दहा मिनिटांवर थांबलं होतं. "सुकलं की चालू होईल," तो म्हणाला. मी काही बोलले नाही. त्यानं रात्रभर ते केबिनमधल्या हेअर ड्रायरनं शेकलं, म्हणून पुढेही बोलले नाही.

मग अँटिग्वा उजाडलं. नवरा या दिवसासाठी मुद्दाम घेतलेली हाफ पँट घालून तयार झाला, लष्करी हिरव्या-तपकिरी ठिपक्यांची, सहा खिशांची. उतरायच्या दाराशी सुरक्षारक्षकानं ती बघितली आणि मान हलवली. अँटिग्वात सामान्य माणसानं लष्करी छापाचे कपडे घालणं हा गुन्हा आहे, तिथेच नाही, सेंट लुसिया आणि बार्बाडोसमध्येही. एवढ्या जाड फायलीत हा कागद नव्हता! दुसरी हाफ पँट माहोच्या पाण्यानं खारट होऊन बाथरूममध्ये लटकत होती, बाकी कपडे धुवायला गेलेले. उरली ती औपचारिक जेवणाच्या रात्रीची काळी, इस्त्रीची विजार. ती घालून, वर पिवळा टी-शर्ट चढवून तो अँटिग्वाच्या उन्हात उतरला.

सेंट जॉन्सच्या धक्क्यापासून अँटिग्वा रिक्रिएशन ग्राउंड पायी पंधरा मिनिटं. कॅथेड्रलचे दोन मनोरे दिसतात, त्यांच्या पलीकडे. मैदानाला लागूनच तुरुंग आहे. आत शिरताना ही सोय मला जरा बोलकी वाटली. आता मोठे सामने दुसरीकडे नव्या स्टेडियममध्ये होतात, त्यामुळे इथे शुकशुकाट होता. फाटकाशी खुर्ची टाकून एक म्हातारबुवा बसले होते. "इंडिया?" त्यांनी विचारलं. आम्ही हो म्हणताच त्यांनी खिशातून रुमाल काढून हनुवटीखालून डोक्यावर धरला आणि मोठ्यांदा म्हणाले, "कुंबळे!"

माझ्या नवऱ्याचे डोळे भरून आले. मे २००२. वेस्ट इंडीजच्या डिलनच्या चेंडूनं अनिल कुंबळेचा जबडा मोडला होता. तरी तो तोंडाला पट्टी बांधून याच मैदानात उतरला, सलग चौदा षटकं टाकली आणि लाराला पायचीत केलं. सामना अनिर्णित राहिला, इतका की आपल्या अकराच्या अकरा जणांनी गोलंदाजी केली, यष्टिरक्षक रात्रानंसुद्धा. हे सगळं मला त्या तासाभरात दोन तोंडांतून ऐकायला मिळालं, एका कानात मराठी, दुसऱ्या कानात अँटिग्वन इंग्रजी. लारा ३७५ वर कुठे उभा होता, २००४ मध्ये ४०० वर कुठे उभा होता, ते दोघांनी मला चालून दाखवलं. मग नवऱ्यानं स्वतःचा रुमाल जबड्याला बांधून फोटो काढून घेतले.

मी बाहेरून चण्या-बटाट्याची रोटी आणली. १८४५ पासून त्रिनिदादला करारावर गेलेल्या आपल्या मजुरांबरोबर रोटी इकडे आली आणि बेटाबेटांवर पसरली. अमेरिकन डॉलर दिले, सुटे पूर्व कॅरिबियन डॉलर आले, एकाला दोन पूर्णांक सत्तर या ठरलेल्या भावानं, आणि त्याचे रुपये किती हे करता करता मी सावलीतल्या बाकावर बसून पहिला घास घेतला. सहा दिवसांत प्रथमच जिभेला जिरं लागलं. मी डोळे मिटले.

"अगं, पळ!"

तो फोन नाचवत येत होता. फोटो मित्रांच्या ग्रुपवर तातडीनं पाठवायला त्यानं विमान मोड काढला होता. "चार वाजून दहा! साडेचारला दार बंद!"

अर्धी रोटी बाकावर राहिली. सेंट जॉन्सच्या भर बाजारातून आम्ही पळालो. माझी टोपी उडाली, ती एका फळवाल्या बाईनं झेलली आणि माझ्यामागे थोडी पळत येऊन दिली. लांब धक्का दिसला, जहाज दिसलं आणि वरच्या कठड्याशी पेयं घेऊन उभी असलेली माणसं दिसली. फार नव्हती, पण होती तेवढ्यांनी आम्हाला बघितलं आणि शिट्ट्या सुरू झाल्या. "पळा, पळा!"

दाराशी पोचलो तेव्हा माझ्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. सकाळचाच सुरक्षारक्षक होता. त्यानं काळी विजार ओळखली, मग वर बघितलं आणि चेहरा गंभीर केला. जबड्याचा रुमाल तसाच होता. डॉक्टरला बोलवू का, त्यानं विचारलं. नवऱ्यानं घाईघाईनं रुमाल सोडला आणि धापा टाकत विचारलं, "उशीर तर नाही झाला?"

रक्षकानं मागच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. तीन वाजून पंचवीस.

नवऱ्यानं घड्याळाकडे बघितलं, फोनकडे बघितलं आणि मग बराच वेळ समुद्राकडे बघितलं. फोन बेटावर गेला होता, जहाज मायामीतच होतं. टेबलावर सहा जणांना मनगट दाखवणारा माणूस आता रिकामं मनगट चोळत होता.

"म्हणजे अजून तास आहे," तो थोड्या वेळानं म्हणाला. "तुझी रोटी कुठे ठेवलीस?"

"ती कोणीतरी खाल्ली असेल. दुसरी घेऊ."

"मग वाटेतच मैदान आहे."

"रोटी आधी," मी म्हटलं.

आम्ही पुन्हा कार्ड दाखवलं, यंत्र 'टिंग' वाजलं, आणि आम्ही शहराच्या दिशेनं चालू लागलो. वरून एकदम आरडाओरडा झाला. अहो, इकडे! जहाज इकडे! कोणीतरी हातातला ग्लाससुद्धा हलवून दाखवला. नवऱ्यानं मागे न बघताच हात वर केला, शतक झाल्यावर करतात तसा.